सानगडीहून अंदमानला सहकुटुंब : हंगाम, तिकिटे आणि हक्क

सानगडीहून अंदमान हा देशातलाच प्रवास असला तरी अंतराने आणि खटाटोपाने तो परदेशवारीच्या जवळ जातो. आधी साकोली, मग महामार्गाने भंडाऱ्यावरून नागपूर, तिथून विमानाने कोलकाता, चेन्नई, हैदराबाद किंवा बेंगळुरू आणि शेवटी समुद्रावरून श्रीविजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. हे शहर कोलकात्यापासून १,२५५ आणि चेन्नईपासून १,१९० किलोमीटरवर आहे. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी भारतीयांना परवानाही लागत नाही. तरीही प्रत्येक घरात तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. कोणत्या महिन्यात जावे, तिकिटे स्वतः काढावीत की टूरवाल्याकडून, आजी-आजोबांना झेपेल का, आणि विमान किंवा बोट रद्द झाली तर पैशांचे काय? हॉटेल कोणते, हा प्रश्न मात्र सगळ्यात आधी विचारला जातो. खरे तर तो सगळ्यात शेवटचा आहे.

आधी महिना ठरवा

अंदमानात पाऊस दोनदा येतो. नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी इथे पोहोचतात, साधारण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहिल्या भागात ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळे यांचा काळ. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. समुद्र शांत, पाणी नितळ आणि बोटी वेळेवर, असे महिने म्हणजे डिसेंबरअखेर ते मेची सुरुवात.

आता याशेजारी घरचे कॅलेंडर ठेवावे. दिवाळीची सुट्टी लांब असते, पण तेव्हा हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो, पाठोपाठ मळणी आणि गावोगावच्या मंडया. समुद्रही तेव्हा भरवशाचा नसतो. त्यामुळे दिवाळीतले अंदमान शेतकरी कुटुंबाने पहिल्या फेरीतच बाजूला काढावे, नोकरदार कुटुंबानेही शक्यतो टाळावे. उरतात तीन खिडक्या.

पहिली खिडकी डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा. हवामान उत्तम, पण नाताळ आणि नववर्षामुळे विमानभाडे आणि हॉटेलांचे दर वर्षातले सर्वांत चढे. शिवाय आधारभूत खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे तोवर हाती आलेले असतीलच असे नाही. येणाऱ्या चुकाऱ्यांच्या भरवशावर परतावा न मिळणारी तिकिटे काढणे, ही या भागातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

दुसरी खिडकी संक्रांतीनंतर फेब्रुवारीपर्यंत. दर उतरतात, गर्दी ओसरते, समुद्र निवळलेला असतो. घरात शाळकरी मूल नसेल, किंवा मूल लहान वर्गात असून आठवडाभराची रजा चालणार असेल, तर याहून चांगला काळ नाही. अडचण दोघांची. ज्यांच्याकडे बोअरचे किंवा तलावाचे पाणी आहे त्यांची उन्हाळी धानाची रोवणी याच सुमारास असते, आणि दहावी-बारावीच्या घरात फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाची परीक्षा.

तिसरी खिडकी अरुंद आहे : वार्षिक परीक्षा संपल्यापासून मेच्या पहिल्या दहा-बारा दिवसांपर्यंत. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून अनेक कुटुंबे "मे अखेरीस जाऊ, तोवर उन्हाळी धान निघेल" असा हिशेब करतात. अंदमानच्या बाबतीत तो चुकतो. मे अखेरीस तिथे पावसाळा सुरू झालेला असतो, बोटी रद्द होतात आणि समुद्रातले खेळ बंद पडतात. त्या काळातली पॅकेजे स्वस्त असतात ती याच कारणाने. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला दमट उकाडा असतो, पण पारा तिशीच्या थोडा वरच राहतो. साकोलीच्या मे महिन्यातून निघालेल्याला त्याची तक्रार वाटू नये.

मे अखेर किंवा जून हीच सुट्टी असेल तर

अशा कुटुंबाने मॉरिशसचा विचार करावा. ते बेट दक्षिण गोलार्धात असल्याने मे ते नोव्हेंबर तिथे कोरडा, सौम्य हंगाम असतो, वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मुंबईहून थेट विमान साधारण सहा-साडेसहा तासांचे. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचे तिकीट, मुक्कामाचा पुरावा आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत, त्यांच्या मराठी मंडळ्या आजही गणेशोत्सव करतात. आजोबांना समुद्रापेक्षा या गप्पांतच जास्त रस वाटण्याची शक्यता आहे.

खर्च मात्र अंदमानाच्या बराच वर जातो, आणि घरातल्या प्रत्येकाला पासपोर्ट लागतो, तान्ह्या बाळालासुद्धा. अल्पवयीन मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती जोडावी लागते. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांतली नावे जुळत नसतील तर दुरुस्तीतच महिने जातात. म्हणून मॉरिशससाठी सहा-आठ महिने आधी सुरुवात करावी, अंदमानसाठी तीन-चार महिने पुरतात. टूरवाल्याकडून परदेशी पॅकेज घेतल्यास किमतीवर टीसीएस आकारला जातो. तो खर्च नसून आगाऊ जमा झालेला प्राप्तिकर असतो, विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. पॅनकार्ड ज्याचे, त्याच्याच नावे तो जमा होतो, तेव्हा बुकिंग कोणाच्या नावे करायचे हे आधी ठरवावे.

नागपूर ते श्रीविजयपुरम

नागपूरहून श्रीविजयपुरमला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावेच लागते. कोलकाता आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणांहून शेवटचा टप्पा सव्वादोन तासांच्या आसपासचा. श्रीविजयपुरमचा वीर सावरकर विमानतळ नौदलाच्या धावपट्टीवर चालतो आणि बरीच उड्डाणे सकाळी ते दुपारी या वेळेत असतात. त्यामुळे नागपूरहून संध्याकाळी निघून मधल्या शहरात रात्र काढणे आणि पहाटेचे विमान धरणे, अशीच आखणी पुष्कळदा करावी लागते. सानगडीच्या दारापासून मोजले तर जायला एक पूर्ण दिवस आणि वर थोडे, यायलाही तितकेच. "सहा दिवस पाच रात्री" असे पॅकेज नागपूरपासून मोजले आहे की श्रीविजयपुरमपासून, हे त्यामुळेच विचारून घ्यावे.

इथे सर्वांत महत्त्वाचा निर्णय तिकिटाचा आहे. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील आणि पहिले उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढची सोय करणे विमान कंपनीची जबाबदारी असते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो प्रवासी वेळेवर न आलेला प्रवासी ठरतो. पाच जणांचे तिकीट अशा वेळी नव्याने, त्या दिवसाच्या दराने काढावे लागते. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर मध्ये पूर्ण रात्र ठेवावी.

रेल्वेचा पर्यायही वाईट नाही. गोंदियाहून गीतांजली किंवा मुंबई-हावडा मेलने हावडा गाठता येते, प्रवास साधारण सतरा-अठरा तासांचा. नागपूर-कोलकाता विमानाचे पाच जणांचे भाडे वाचते. पण गाडी काही तास उशिरा येईल असे धरूनच पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचे ठेवावे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून मोजकीच उड्डाणे असतात आणि त्यांची वेळापत्रके बदलत राहतात. जोडतिकीट मिळाले तर घ्यावे, त्यावर आखणी उभी करू नये.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजेही जातात. महिन्यातून मोजक्या खेपा, समुद्रात तीन दिवस, आणि तारखा ऐनवेळी पुढे-मागे. हौशी तरुणांसाठी ठीक, मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बरोबर असताना नको.

बेटांवरचे दिवस कसे मांडावेत

भारतीय प्रमाणवेळ तिथेही तीच, पण बेटे फार पूर्वेला असल्याने सूर्य पाच-साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास मावळतो. सकाळी दहाला तयार होणाऱ्या कुटुंबाचा निम्मा दिवस इथे वाया जातो. शेतावर पहाटे जाण्याची सवय असलेल्यांना हे जड जाणार नाही.

सहा रात्रींचा आराखडा बहुतेक कुटुंबांना पुरतो : श्रीविजयपुरममध्ये एक, स्वराज द्वीपवर दोन, शहीद द्वीपवर एक आणि परतून पुन्हा श्रीविजयपुरममध्ये दोन. स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे नील आणि नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणजे रॉस. ही नावे डिसेंबर २०१८ मध्ये बदलली, पण हॉटेलवाले आणि बोटवाले दोन्ही नावे वापरतात.

शेवटची रात्र, जमल्यास शेवटच्या दोन, श्रीविजयपुरममध्येच असाव्यात. स्वराज द्वीपहून सकाळची बोट आणि दुपारचे विमान अशी जोडणी कागदावर सुरेख दिसते. वारा सुटला आणि बोट थांबली की विमानही जाते आणि पुढचे जोडविमानही. टूरवाल्याने अशी जोडणी दिली असेल तर ती बदलून मागावी. या एका बाबतीत तडजोड करू नये.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी फेरी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. ती स्वस्त असते, पण वेळ जास्त घेते आणि तिकिटे पटकन संपतात. खासगी बोटी महाग, वातानुकूलित, स्वराज द्वीपला दीड ते अडीच तासांत पोहोचवणाऱ्या. दोन्हींना प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. ज्यांना बस लागते त्यांना बोटही लागते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी, बोट हलल्यावर नव्हे.

सेल्युलर जेल पाहायला किमान अर्धा दिवस द्यावा. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. गणेश दामोदर उर्फ बाबाराव आणि विनायक दामोदर हे दोघे सावरकर बंधू इथे कैदेत होते. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची तिकिटे मर्यादित असतात, कार्यक्रमाची भाषा आणि वेळ आधी पाहून घ्यावी. नेताजी द्वीप किंवा संग्रहालये आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असतात तेही तपासून मगच दिवसांची मांडणी पक्की करावी.

बाराटांग बेटावरच्या चुनखडी गुहा बऱ्याच पॅकेजांमध्ये असतात. त्यासाठी रात्री तीन-चारला उठून जिरकाटांगच्या तपासणी नाक्यावर पोहोचावे लागते, पुढे ताफ्यातूनच जारवा आदिवासींचे राखीव क्षेत्र ओलांडायचे, मग वाहनफेरी, स्पीडबोट आणि पायपीट. लहान मूल किंवा गुडघेदुखी असलेले माणूस बरोबर असेल तर हा बेत सरळ वगळावा आणि तो दिवस स्वराज द्वीपवरच्या राधानगर किनाऱ्यावर काढावा. जे जातील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांनुसार जारवांचे फोटो काढणे, गाडी थांबवणे, खाऊ देणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. "जारवा दाखवतो" म्हणणाऱ्या चालकाबरोबर जाऊ नये.

पाणी, प्रकृती आणि पथ्य

- पोहायचे ते फक्त खूण केलेल्या किनाऱ्यांवर. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर असते, इशाऱ्याच्या पाट्या शोभेच्या नसतात.
- स्कूबा डायव्हिंगसाठी पोहता येणे आवश्यक नसते, पण वय साधारण दहा वर्षे पूर्ण हवे. दमा, हृदयविकार, कानाचा जुना आजार किंवा गर्भारपण असेल तर उतरू नये. डुबकीनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसता येत नाही, म्हणून स्कूबा शेवटच्या दिवसासाठी ठेवायचे नाही.
- भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. रुग्णाने विमानप्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, सतत पाणी पीत राहावे, स्कूबा टाळावे आणि तपासणीचे कार्ड हातातल्या पिशवीत ठेवावे.
- मोठे सरकारी रुग्णालय श्रीविजयपुरममध्ये आहे. लहान बेटांवर प्राथमिक उपचारच मिळतात. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि विमानात हातापाशी असाव्यात.
- किनाऱ्यावरचे प्रवाळ किंवा शंख खिशात घालून आणू नयेत. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. शंखाच्या वस्तू अधिकृत दुकानातून घ्या आणि पावती जपा.

जेवणाची चिंता नको. बेटांवर बंगाली आणि तमिळ वस्ती मोठी असल्याने भात दोन्ही वेळा मिळतो, धानपट्ट्यातल्या माणसाला तेवढे पुरे आहे. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले, तरी लहान बेटांवर यूपीआय अडू शकते. चार दिवसांची रोख जवळ असावी.

टूरवाला की स्वतःचे स्वतः?

घरात कोणाला ऑनलाइन तिकिटे काढण्याची सवय असेल आणि माणसे चार-पाचच असतील, तर विमान, बोट आणि हॉटेल स्वतः बुक करून बेटांवरच्या गाड्या तेवढ्या स्थानिक व्यावसायिकाकडून घेणे सर्वांत फायद्याचे. दहा-बारा जणांचे एकत्र कुटुंब असेल तर टूरवाला बरा, कारण बोटीच्या जागा एकत्र मिळवणे हेच मोठे काम असते. पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्या :

- विमानाचा पीएनआर. मिळाला की विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. "ग्रुप बुकिंग आहे, नंतर देतो" हे उत्तर पुरेसे नाही.
- हॉटेलचे नाव. "किंवा समकक्ष" असे लिहिले असेल तर पर्यायी हॉटेलांची नावेही लिहून घ्या, आणि हॉटेलला फोन करून खोली तुमच्या नावे आहे का ते विचारा.
- बोट सरकारी की खासगी, आणि रद्द झाल्यास त्या रात्रीचा खर्च कोणाचा.
- रद्द करण्याचे शुल्क, तारखेनुसार, रुपयांत.
- जीएसटीसह एकूण रक्कम आणि हप्ते. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर तर मुळीच नाही.

मॉलमध्ये चिठ्ठी भरून "मोफत अंदमान ट्रिप" लागल्याचा फोन आला, तर त्यामागे बहुधा हॉलिडे क्लबच्या सदस्यत्वाची विक्री असते. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवावे, जितके लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एलटीसीवर अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत वेळोवेळी मुदतवाढ मिळत चालू राहिली आहे. टपाल खात्यातल्या किंवा इतर केंद्रीय कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांनी चालू आदेशाची प्रत आस्थापना शाखेतून मागून घ्यावी. तिकिटे मात्र ठरवून दिलेल्या अधिकृत एजंटांकडूनच काढावी लागतात : बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. स्वस्त दिसले म्हणून दुसरीकडे तिकीट काढले की दावा नामंजूर होतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही सवलत लागू नाही.

उशीर, रद्द, नकार : हक्क कोणते

विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांतले काय घ्यायचे ते प्रवासी ठरवतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार वेळेत पूर्वसूचना दिली नसेल तर वर भरपाईही मिळते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. वादळ, धुके, धावपट्टी बंद अशा कारणांना भरपाई नाही. परतावा किंवा दुसरे विमान मात्र तेव्हाही मिळते. उड्डाण लांबल्यास ठरावीक वेळेनंतर खाणे-पिणे, आणि २४ तासांपेक्षा जास्त उशिराला हॉटेलची सोय कंपनीने करायची असते. तिकीट पक्के असून जागा नाही म्हणून विमानात घेतले नाही, तर भरपाई २०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकते.

तिकीट स्वतः रद्द केले तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते, "नॉन-रिफंडेबल" लिहिलेले असले तरी. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी, मग विमानाबाबत एअरसेवा पोर्टलवर आणि टूरवाल्याबाबत राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक आयोग. टूरवाल्याच्या पावतीवर "वाद मुंबई न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात" असे छापलेले पाहून अनेक जण तिथेच थांबतात. थांबण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे सानगडीच्या रहिवाशाला भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, अर्ज ऑनलाइनही दाखल होतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. सोबत लागतात ती पैसे दिल्याची नोंद, लेखी कार्यक्रमपत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद, बोर्डिंग पास, आणि रद्द झालेल्या बोटीऐवजी घ्याव्या लागलेल्या खोलीचे बिल. हे सगळे श्रीविजयपुरममध्येच मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले बरे.